सेबांगाऊ की तांजुंग पुतिंग? पीट दलदलीतलं जंगल पाहायला जायचं आहे

सायली_वि

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी इंडोनेशियाला जायचं ठरतंय, आणि या खेपेला देवळं नकोत, समुद्रकिनारे नकोत, फक्त जंगल. मला ओढ आहे ती पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाला-मुळांच्या थराच्या, दलदलीत उभ्या असलेल्या जंगलाची. काळं पाणी, पाण्यातून वर आलेली मुळं आणि अर्थात ओरांगउटान. बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतान प्रांतात अशी दोन राष्ट्रीय उद्यानं आहेत, तांजुंग पुतिंग आणि सेबांगाऊ. पहिल्याबद्दल प्रवाशांनी पुष्कळ लिहिलंय. सेबांगाऊवर मात्र शोधनिबंधच जास्त सापडतात, कुणी सहज फिरून येऊन लिहिलेलं फारच थोडं.

आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६६, रोज चालायची सवय आहे, पण एक गुडघा कुरकुरतो. मुलगी दुर्बीण हातातून सोडत नाही. हाताशी साधारण आठवडा आहे.

दोन्हींपैकी कुठे जावं? सेबांगाऊत सामान्य पर्यटकाला आत जाता येतं, की ते फक्त संशोधकांसाठी आहे? कोणता महिना बरा? आणि मी आणि सासूबाई शाकाहारी आहोत, तिकडे निभावतं का? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी जरा मोकळेपणाने लिहा.

काठाकाठाने

सायलीताई, सासूबाई बरोबर आहेत म्हणजे डोळे मिटून तांजुंग पुतिंग. जाकार्ताहून पांगकालान बुनला विमान, तिथून गाडीने कुमाई बंदर आणि कुमाईहून क्लोतोक. क्लोतोक म्हणजे लाकडी, दुमजली, संथ चालणारी बोट. खाणं, झोपणं सगळं बोटीवरच. सेकोन्येर नदीतून वर जायचं, संध्याकाळी काठावरच्या झाडांवर लांब नाकाची माकडं येऊन बसतात ती वरच्या डेकवर खुर्ची टाकून बघायची. ओरांगउटानना ठरलेल्या वेळी फळं देतात त्या जागांपर्यंत फळ्यांच्या वाटा आहेत, चालणं थोडंच. कॅम्प लीकी हे संशोधन केंद्रही तिथेच. १९७१ मध्ये बिरुटे गाल्डिकास यांनी तिथून ओरांगउटानचा अभ्यास सुरू केला.

आम्हाला ओरांगउटान दिसले, अगदी जवळून, आई आणि पिल्लू दोन्ही. सेबांगाऊत ती खात्री कुणी देणार नाही. वरच्या भागात नदी फुटते तिथे एका फाट्याचं पाणी काळं होतं, तेही तुम्हाला बघायला मिळेल.

मृद्गंधा

सायली, मी काही वर्षं पालांगकारायात, म्हणजे मध्य कालीमंतानच्या राजधानीत, राहिले आहे. काम पाण्याच्या पातळीचं होतं. बाजूने भोकं पाडलेले पीव्हीसीचे पाइप पीटमध्ये उभे रोवायचे आणि आतलं पाणी जमिनीच्या किती खाली आहे ते टेपने मोजून लिहून ठेवायचं. त्यामुळे माझं उत्तर प्राण्यांपासून नाही, पाण्यापासून सुरू होणार. लांबेल, पण हे जंगल उभं कशावर आहे ते कळलं की कुठे जायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

सेबांगाऊ उद्यान म्हणजे सेबांगाऊ आणि कातिंगान या दोन नद्यांच्या मधला मुलूख, सुमारे ५,६८,७०० हेक्टर. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. नकाशावर अगदी सपाट दिसतं, पण मधोमध जमीन किंचित फुगलेली आहे, कारण तिथे पीटचा थर सर्वांत जाड आहे, काही ठिकाणी दहा मीटरहून जास्त. पानं, फांद्या, मुळं साचलेल्या पाण्यात पडतात. त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही आणि आम्लता भरपूर, सामू साडेतीन-चारच्या आसपास. त्यामुळे कुजणं अर्धवट राहतं आणि थरावर थर चढत जातो, वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. इथल्या तळाच्या पीटचं वय वीस हजार वर्षांहून जास्त निघालं आहे. फुगवट्यावर नदीचं पाणी पोचतच नाही. वरून पडेल तो पाऊस, बाकी काही नाही. म्हणजे जमीन अत्यंत निकस, आणि तिच्यावर एवढालं जंगल! इतकी वर्षं त्यात पाय रुतवून काम केलं, तरी या गोष्टीचं मला वाटणारं नवल कमी झालं नाही.

आत शिरताना हे पायांनाच कळत जातं. नदीलगत आधी रासाऊ, म्हणजे केवड्याच्या जातीची काटेरी झाडी आणि लव्हाळ्यांचे पट्टे. मग उंच, मिश्र झाडांचं दलदलीतलं जंगल. रामिन, जेलुतुंग, बालांगेरान ही तिथली नावाजलेली झाडं. आणखी काही किलोमीटर आत गेलं की झाडं काटकुळी आणि बुटकी होतात, पाणी जास्त साचतं, घटपर्णी दिसायला लागतात. आणि फुगवट्याच्या माथ्याकडे पुन्हा उंच जंगल. हे सगळं एकाच पीटवर. पर्यटक बहुतेक पहिल्या दोन पट्ट्यांतच फिरतात, आणि तेवढंही भरपूर आहे.

जमीन म्हणाल तर ती जमीन नव्हेच. झाडांच्या बुंध्याभोवती मुळांचे उंचवटे, मधे पाण्याने भरलेले खळगे. उंचवट्यावरून उंचवट्यावर पाय टाकत जायचं. चुकला पाय की गुडघ्यापर्यंत पाण्यात. मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर येतात, श्वास घ्यायला. पाणी लांबून काळंकुट्ट, ओंजळीत घेतलं तर तांबूस आणि स्वच्छ.

आता प्राणी. सेबांगाऊत ओरांगउटान हजारोंनी आहेत. बोर्निओतल्या जंगली ओरांगउटानच्या सर्वांत मोठ्या संख्यांपैकी एक इथे आहे. पण ते सगळे खरोखरचे जंगली. त्यांना कुणी केळी दिलेली नाहीत, माणसाकडे बघून ते खाली उतरत नाहीत. फांदी मोडून टाकतात, ओठांचा चुंबनासारखा कर्कश आवाज काढून तुम्हाला दटावतात आणि निघून जातात. तुम्हाला दिसतीलच असं मी म्हणणार नाही. हमखास दिसतील ती त्यांची घरटी. ओरांगउटान जवळजवळ रोज संध्याकाळी झोपण्यासाठी नवं घरटं बांधतो. पानं हिरवी असली तर घरटं ताजं, तपकिरी झाली तर जुनं, आणि नुसत्या काटक्या राहून आरपार आभाळ दिसायला लागलं तर फार जुनं. अभ्यासक गणना करतात तीही प्रामुख्याने घरट्यांवरूनच, ठरावीक रेषेवर चालत घरटी मोजून. तुमच्या मुलीला हे शिकवा आणि वही द्या. दुर्बिणीने घरटी शोधायचा नाद एकदा लागला की कंटाळा येत नाही.

आणि गिबन. पहाटे पाचच्या सुमारास, उजाडता उजाडता पांढऱ्या दाढीचे गिबन गायला लागतात. नर-मादी जोडीने गातात. मादीचा स्वर खालून सुरू होतो, चढत जातो, थरथरतो आणि मग शेजारच्या हद्दीतली जोडी उत्तर देते. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर बहुधा गात नाहीत, म्हणून एकाच पहाटेवर भिस्त ठेवू नका. या गाण्यासाठी सेबांगाऊला जावं असं मला मनापासून वाटतं.

काठाकाठाने म्हणतात ते तांजुंग पुतिंगबद्दल बरोबरच आहे. तिथे जवळून बघायला मिळतं आणि वयस्कर माणसांचे हाल होत नाहीत. पण फळं देतात त्या जागी येणारे बरेचसे ओरांगउटान पूर्वी माणसांच्या तावडीतून सोडवून आणलेले किंवा त्यांची पिल्लं आहेत. त्यात वाईट काही नाही, त्या कामामुळे जीव वाचले. मात्र तुम्ही लिहिलंय की तुम्हाला पीटचं जंगल बघायचं आहे. तसं असेल तर सेबांगाऊ. तिथे बोटीतून उतरून जंगलात शिरावं लागतं.

जायचं कसं, ते संध्याकाळी सविस्तर लिहिते.

सायली_वि

मृद्गंधा, केवढं लिहिलंत! मुलीला वाचून दाखवलं. तिने घरट्यांचे तीन प्रकार वहीत काढूनसुद्धा ठेवले. आता तिचं मत सेबांगाऊला आहे.

पण उंचवट्यावरून उंचवट्यावर पाय टाकत सासूबाईंना जमणार नाही, हे नक्की. त्यांना हॉटेलात बसवून आम्ही जंगलात, असं मला करायचं नाही. काही मधला मार्ग आहे का? आणि धुराबद्दलही वाचलं. वणवे लागतात तेव्हा विमानंसुद्धा रद्द होतात म्हणे. मुलीला लहानपणी दम्याचा त्रास होता, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.

पाणपंखी

पक्ष्यांपुरतं माझ्याकडून. पीट जंगलात पक्षी कमी दिसतात असं ऐकून जाऊ नका. दाट झाडीमुळे शोधायला वेळ लागतो, एवढंच. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो, मग पक्षी. काळा धनेश आणि शिंगवाला मोठा धनेश, दोन्हींसाठी नदीच्या मोकळ्या पट्ट्यात सकाळी थांबा. मोठ्या चोचीचा खंड्या काठावर सहज दिसतो. आकड्यासारखी चोच असलेला एक बुलबुल आहे, बोर्निओ-सुमात्रा भागातल्या अशा निकस जंगलांचा खास रहिवासी. दिसायला साधा, तपकिरी, पण त्याच्यासाठी लोक लांबून येतात. स्टॉर्म्स स्टॉर्क हा करकोचा जगात फार थोडा उरला आहे, त्याचीही इथे नोंद आहे. तो दिसला तर आवाज न करता बोट थांबवायला सांगा.

फोटोंचा नाद असेल तर जंगलात उजेड फार कमी असतो हे धरून चला. भिंगावर सतत वाफ धरते. कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवला आणि पहाटे तसाच बाहेर काढला तर पहिला अर्धा तास वाया जातो. तो खोलीबाहेरच ठेवा, पिशवीत सिलिकाच्या पुड्या टाकून.

आणि जमिनीवर बघायला विसरू नका. घटपर्णीची एक जात, नेपेंथिस अँप्युलारिया, गोल मडक्यांच्या घोळक्याने मुळांजवळ वाढते. बहुतेक घटपर्णी किड्यांवर जगतात, ही वरून गळणारी पानंही मडक्यात साठवून त्यांतून नायट्रोजन मिळवते. मडक्यावरचं झाकण मागे वळलेलं असतं, त्यामुळे पानं सरळ आत पडतात. तेरा वर्षांच्या मुलीला दाखवायला याहून चांगलं काय असणार!

मृद्गंधा

पाणपंखी, अँप्युलारियाची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. पाइप मोजायला वाकलं की ती मडकी शेजारीच असायची.

सायली, आधी सासूबाईंचं. पालांगकाराया शहराच्या दक्षिण टोकाला केरेंग बांगकिराई म्हणून गाव आहे, सेबांगाऊ नदीवर. तिथे धक्का आहे, संध्याकाळी शहरातली मंडळी फिरायला येतात. तिथून लहान मोटरबोट करून काळ्या पाण्यातून सुंगाई कोरान या उपनदीकडे जाता येतं. सासूबाईंनी बोटीतून उतरलंच पाहिजे असं नाही. इंजिन बंद करायला सांगून रासाऊच्या सावलीत अर्धा-पाऊण तास नुसतं थांबलं तरी जंगल आपणहून समोर येतं. फळ्यांची वाट आहे तिथे त्याही चालू शकतील, मात्र ओल्या फळ्या शेवाळाने निसरड्या होतात, म्हणून हातात काठी आणि पुढे एक माणूस हवाच. खोल आत तुम्ही तिघं जा, आळीपाळीने.

दुसरी बोट रुंगान नदीवरची. तीही पालांगकारायाहून निघते, मोठी आणि आरामाची असते. वाटेत पुलाउ काजा हे बेट लागतं. न्यारू मेंतेंग इथल्या पुनर्वसन केंद्रातले ओरांगउटान अशा बेटांवर ठेवलेले असतात आणि ते बोटीतून, अंतर राखून बघता येतात. सासूबाईंना ओरांगउटान इथे दिसण्याची शक्यता चांगली आहे. कुणालाही सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जवळ जायचं नाही, आणि जंगलात ओरांगउटान भेटला तर दहा मीटरच्या आत शिरायचं नाही. आपले आजार त्यांना सहज लागतात.

सेबांगाऊत आत जायला परवाना लागतो. उद्यानाचं कार्यालय पालांगकारायातच आहे. परदेशी माणसाचं शुल्क स्थानिकांपेक्षा बरंच जास्त असतं आणि दर बदलतात, म्हणून निघण्याआधी तिथेच विचारून घ्या. वाटाड्या स्थानिकच घ्या. न्गाजू दायाक, म्हणजे इथल्या मूळ जमातीची माणसं, या पाण्यात वाढलेली. माझ्याबरोबरचा सहकारी पूर्वी लाकूडतोडीच्या टोळीत होता, नंतर तोच जंगलातल्या वाटा राखायला लागला. कुठल्या झाडाची फळं पिकली आहेत हे त्याला वासावरून कळायचं, आणि फळं असतील तिथे ओरांगउटान. विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचा तळही नदीच्या वरच्या भागात आहे, पण तिथे आधी परवानगी काढल्याशिवाय जायचं नसतं. कातिंगानच्या बाजूने पुंगुआलास म्हणून ठिकाण आहे, तिथे गावकरीच पाहुण्यांची सोय करतात. ते लांब पडतं. तुमच्या आठवड्यात मी ते धरणार नाही.

आता धूर. यावर मला जरा थांबायचंय, कारण तुम्ही जे जंगल बघाल त्याची सगळी गोष्ट यातच आहे.

पीट ओलं असेपर्यंत जळत नाही. सेबांगाऊ नदीच्या पूर्वेला १९९५ मध्ये सरकारने दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणायचं ठरवलं आणि चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. भात काही पिकला नाही, पाणी मात्र वाहून गेलं. १९९७ मध्ये एल निन्यो आला आणि कोरडं पीट पेटलं. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर कोळसा, तेल, वायू जाळून त्या काळात वर्षाला जेवढा कार्बन बाहेर पडायचा, त्याच्या १३ ते ४० टक्के. नंतर प्रकल्प गुंडाळला, कालवे तसेच राहिले. २०१५ मध्ये पुन्हा तेच, पालांगकारायात आठवडेच्या आठवडे पिवळा काळोख होता. पीटची आग जमिनीखालून सरकत जाते. वर ज्वाळा नसतात, नुसता धूर येतो आणि झाडं मुळं जळून आडवी पडतात.

सेबांगाऊच्या आतही कालवे आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर काही वर्षं चोरटी लाकूडतोड जोरात होती, तेव्हा ओंडके तरंगवत नदीपर्यंत आणायला टोळ्यांनी ते हाताने खणले. तुम्ही बोटीतून जाताना एखादा अरुंद, सरळ रेघेसारखा पाण्याचा पट्टा जंगलात शिरताना दिसला की समजा तो कालवा. इथे नद्या सरळ वाहत नाहीत. अशा कालव्यांवर आता बांध घातले आहेत, त्यांना तिकडे ‘तबात’ म्हणतात. खांबांच्या दोन ओळी, मधे भराव. वाटाड्याला म्हणा, आम्हाला एक तबात दाखव. वरच्या अंगाला पाणी चढलेलं आणि खालच्या अंगाला उतरलेलं, एवढंच दिसेल. पण त्या वीत-दोन वितींच्या फरकासाठी माणसं वर्षानुवर्षं चिखलात उभी राहिली आहेत. इंडोनेशियाच्या कायद्यात पीटमधलं पाणी जमिनीपासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये अशी मर्यादा आहे. टेपवर तो आकडा ओलांडलेला दिसला की आम्हाला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

तर महिना: मुलीच्या दम्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर सरळ वगळा, आणि एल निन्योचं वर्ष असेल तर जुलैही नको. नोव्हेंबरपासून पाऊस, मार्च-एप्रिलपर्यंत पाणी खूप चढलेलं असतं, चालणं अवघड. मे-जून मला सर्वांत आवडतात. जंगलात पाणी असतं, हवा स्वच्छ असते, नदीत बोट कुठेही जाते. जाण्यापूर्वी मुलीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्यांनाच विचारा.

खाण्याचं निभतं. तेंपे आणि ताहू सगळीकडे मिळतं, म्हणजे सोयाबीनच्या वड्या आणि टोफू. भाज्यांत मात्र तेरासी, म्हणजे कोळंबीची वाटलेली चटणी, न सांगता पडते. ‘तान्पा इकान, तान्पा दागिंग, तान्पा तेरासी’, म्हणजे मासे नको, मांस नको, तेरासी नको, हे कागदावर लिहून दाखवा. पीटवर उगवणाऱ्या एका नेच्याचे, कलाकाईचे, कोवळे लालसर शेंडे परतून देतात. तो जरूर मागा. जळालेल्या पीटवर सर्वांत आधी उगवणाऱ्यांपैकी तो आहे. लसूण जास्त घातलेली असली की फार चवदार लागतो.

काठाकाठाने

मृद्गंधाताई, आम्ही तिकडे होतो तेव्हा काळ्या पाण्याचे नुसते फोटो काढले. तबात वगैरे कुणी दाखवलाच नाही. आपण होऊन विचारायला हवं, हे खरं.

सायलीताई, मी सुचवलेलं तांजुंग पुतिंग मागे घेत नाही, पण दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. पालांगकाराया ते पांगकालान बुन रस्त्याने पूर्ण दिवस जातो.

सायली_वि

ठरलं. मेचा शेवटचा आठवडा, फक्त पालांगकाराया. केरेंग बांगकिराईहून सेबांगाऊत दोन-तीन पहाटा, मधे रुंगानवरची बोट सासूबाईंसाठी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, बोटीत बसून गिबन ऐकू येणार असतील तर मला उतरायचंच कशाला.

एक-दोन बारीक गोष्टी राहिल्या. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो ना? आणि जंगलात पायात काय घालायचं? नवरा ट्रेकिंगचे महागडे बूट घ्यायच्या तयारीत आहे.

मृद्गंधा

व्हिसा विमानतळावर मिळतो, भारतीय पासपोर्टला चालतो. ५,००,००० रुपिया, ३० दिवस, ऑनलाइन आधी काढता येतो आणि तोच बरा, रांग टळते. जाकार्ता आणि पालांगकाराया एकाच वेळेत आहेत, भारतापेक्षा दीड तास पुढे. शेजारच्या प्रांतातल्या बांजारमासिनवरून रस्त्याने येणार असाल तर मात्र तिथलं घड्याळ आणखी एक तास पुढे असतं, परतीचं विमान तिथून असेल तर लक्षात ठेवा.

महागडे बूट नकोत. ते पहिल्या खळग्यात पाण्याने भरतील आणि परत येईपर्यंत वाळणार नाहीत. पालांगकारायाच्या बाजारात शेतात घालायचे रबरी गमबूट मिळतात, गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचे, तेच सगळे वापरतात. एक माप मोठे घ्या, आत जाड मोजे दोन जोड. पाणी बुटाच्या वर गेलंच तर घाबरायचं नाही, झाडाला टेकून एकेक बूट ओतायचा आणि पुढे निघायचं. झाड पकडण्याआधी मात्र हात कुठे ठेवतोय ते बघा, रासाऊची पानं करवतीसारखी कापतात आणि काही खोडांचा चीक अंगावर उठतो. मुलीला पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट द्या.

सासूबाईंसाठी बोटीत पाठ टेकायला काही नसतं. धक्क्यावरच्या नावाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो पाठीची खुर्ची बांधून देतो. पहाटे साडेचारला धक्का सोडायचा, म्हणजे उजाडायच्या आत सुंगाई कोरानच्या तोंडाशी पोचाल. वाटाड्या ठरला की कळवा, मेच्या शेवटी पाणी किती असतं ते माझ्या जुन्या वह्यांमधून काढून देते.